काळी पडणारी बाटली आणि न दिसणारा विषाणू: एच-टू-एस पाणी तपासणी संचाचा दोन महिन्यांचा अनुभव

पुण्याच्या वेशीवरच्या आमच्या सोसायटीत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तीन जणांना कावीळ झाली. तिघेही सी विंगमधले, तिघेही वीस ते चाळीस या वयातले, आणि तिघांच्याही रक्ताच्या अहवालात मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस-ई विषाणूविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे ताज्या संसर्गाची खूण, सापडली. त्याच विंगमध्ये चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या सुनेला सातवा महिना लागला होता आणि पुढच्या रविवारी तिचे डोहाळजेवण ठरले होते. पहिल्या रुग्णाच्या डॉक्टरांनी इमारतीत कोणी गरोदर आहे का, असे आवर्जून विचारले होते, हे कळल्यावर काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही सेक्रेटरी आहात. पन्हे कोणत्या पाण्याने करू, एवढेच सांगा.’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री मी ऑनलाइन शोधाशोध करून, पाण्यात मैला मिसळला आहे का ते रंगावरून सांगणाऱ्या एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) बाटल्यांचा दहाचा एक खोका मागवला, नंतर आणखी एक मागवला. दोन महिन्यांत मिळून अठरा बाटल्या वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण या बाटल्या बनवणारे अनेक आहेत, सर्वांच्या बाटल्या एकाच पद्धतीच्या असतात आणि माझी जी मुख्य तक्रार आहे ती एकट्या त्या कंपनीपुरती नाही.

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. औषधाच्या बाटलीएवढी काचेची बाटली, घट्ट झाकण, वर पारदर्शक सील, आत तळाशी तपकिरी रंगाचा वाळलेला थर आणि बाहेरच्या बाजूस पाणी कुठवर भरायचे ते दाखवणारी रेघ. नळाचे तोंड स्वच्छ पुसून घ्यायचे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यायचे, झाकणाच्या आतल्या बाजूस बोट न लावता रेघेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावून हलकेच हलवायचे आणि बाटली उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवून द्यायची. पाणी पिवळट तपकिरी राहिले तर ठीक. काळे पडले तर त्या पाण्यात मैला मिसळला असण्याची दाट शक्यता आहे, असे समजायचे. प्रयोगशाळा नको, वीज नको, शिक्षण नको. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची जी योजना आहे, तिच्यात या प्रकारच्या बाटल्यांना स्थान मिळाले ते याच साधेपणामुळे. माझी आई, जिने आयुष्यभर तुरटी फिरवून आणि फडक्याने गाळून पाणी भरले, तिला ही रीत एकदा पाहून समजली.

ही चाचणी आपल्याच देशात तयार झाली, ही गोष्ट मला माहीत नव्हती. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. माणसाच्या आतड्यात राहणारे काही जिवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, म्हणजे सडक्या अंड्याचा वास येणारा तोच वायू. बाटलीच्या तळाशी वाळवलेल्या थरात जिवाणूंचे खाद्य, थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. जिवाणू वाढले की वायू तयार होतो, तो लोहाशी संयोग पावतो आणि काळे लोह सल्फाइड तयार होते. पाण्यात मैल्याचा अंश आहे का, या एरवी प्रयोगशाळेत न्याव्या लागणाऱ्या प्रश्नाचे उत्तर रंगात देण्याची ही युक्ती मला मनापासून आवडली. नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन बाटलीत गेल्यावर जिवाणूंना मारत बसेल, ही शंका मनात आली होती. परंतु थरातले थायोसल्फेट क्लोरीनला निष्प्रभ करते, म्हणजे तेच रसायन दोन कामे करते.

पहिल्या दिवशी आम्ही आठ ठिकाणचे पाणी घेतले: महापालिकेच्या नळजोडाचे, टँकरच्या पाइपमधले, बोअरवेलचे, ए विंगच्या गच्चीवरील टाकीचे, सी विंगच्या जमिनीखालच्या टाकीचे, सी विंगच्या गच्चीवरील टाकीचे, काकूंच्या स्वयंपाकघरातील नळाचे आणि तळमजल्यावरील आजींच्या कँडल फिल्टरचे. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनाने जागा आणि वेळ लिहिली आणि सर्व बाटल्या माझ्या फ्रिजच्या वर, मागच्या बाजूस, जिथे मोटरची ऊब लागते तिथे ओळीने मांडल्या. रात्री अकराला सगळ्या सारख्या दिसत होत्या. सकाळी साडेसहाला चहा ठेवायला उठलो तेव्हा पाचव्या बाटलीच्या तळाशी शाई सांडल्यासारखा काळा ढग जमला होता. दुपारपर्यंत ती पूर्ण काळी झाली. संध्याकाळी सी विंगच्या गच्चीवरील टाकीची बाटली आणि त्यापाठोपाठ काकूंच्या नळाची बाटली काळवंडली. महापालिकेचे पाणी, टँकर आणि ए विंग अठ्ठेचाळीस तासांनंतरही जशीच्या तशी होती. डोहाळजेवणाचे पन्हे त्या रविवारी उकळून गार केलेल्या पाण्यात झाले. बर्फही बाहेरून आणला नाही.

या संचाचा खरा उपयोग मला इथे कळला. एकच बाटली घेऊन घरच्या नळाचे पाणी तपासले असते तर ‘पाणी खराब आहे’ एवढेच समजले असते, आणि खापर सवयीप्रमाणे महापालिकेवर किंवा टँकरवाल्यावर फुटले असते. आमच्या समितीच्या बैठकीत टँकर बंद करण्याचा ठराव जवळजवळ झालाच होता. आठ बाटल्या ओळीने मांडल्यावर मात्र मैला कोठे शिरतो, हे नकाशावर बोट ठेवावे तसे दिसले: नळजोडापर्यंत पाणी ठीक, जमिनीखालच्या टाकीत उतरले की बिघडलेले. प्लंबरने टाकी उपसली तेव्हा कारण सापडले. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीतून बाहेर काढून ड्रेनेजच्या चेंबरजवळच्या गटारात सोडलेला होता, आणि चेंबर तुंबला की त्याच पाइपमधून सांडपाणी उलटे टाकीत येत होते. एप्रिलच्या अखेरीस तो चेंबर तीन-चार दिवस तुंबलेला होता, हे वॉचमनला आठवत होते. ‘‘साहेब, तेव्हा पाण्याला वास आला होता, पण दुसऱ्या दिवशी गेला,’’ असे तो म्हणाला. वास गेला म्हणून कोणी पुढे काही केले नाही, आणि त्यात मीही होतो.

आता तक्रार. विक्रीच्या पानावर आणि खोक्यावर टायफॉइड, कॉलरा आणि कावीळ ही तीन नावे ठळक छापून ‘घरबसल्या ओळखा’ असे म्हटले आहे. पहिल्या दोघांच्या बाबतीत हा दावा ताणून खरा मानता येईल, कारण ते जिवाणूंचे आजार आहेत. काविळीच्या बाबतीत तो दिशाभूल करणारा आहे. हिपॅटायटिस-ई चा विषाणू सल्फाइड तयार करत नाही, बाटलीतले खाद्य खात नाही आणि माणसाच्या किंवा प्राण्याच्या जिवंत पेशीबाहेर वाढतच नाही. बाटली विषाणूला पाहत नाही; विषाणू ज्या मैल्यातून येतो त्या मैल्याच्या दुसऱ्या खुणा ती पाहते. चोराच्या चपला दारात दिसल्या म्हणजे चोर घरात आहे असे समजणे शहाणपणाचे. परंतु चपला नाहीत म्हणजे घर सुरक्षित आहे, असे खोक्यावर छापणे हे ग्राहकाला फसवणे आहे.

हा फरक केवळ शास्त्रीय कीस नाही. या विषाणूचा भारतातील इतिहासच त्या फरकापासून सुरू होतो. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे फिरून वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आले. तिथल्या अभियंत्यांना ते दिसले, त्यांनी क्लोरीन आणि तुरटीची मात्रा वाढवली, आणि जिवाणूंच्या बाबतीत त्यांचे प्रयत्न यशस्वी ठरले: शहरात टायफॉइड किंवा हगवणीची साथ आली नाही. परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये सुमारे २९,३०० दिल्लीकरांना कावीळ झाली. जिवाणू मेले होते, विषाणू गढूळ पाण्यात क्लोरीनच्या तावडीतून निसटला होता. त्या वेळी ही साथ हिपॅटायटिस-ए ची आहे असे समजले गेले. त्या साथीतील रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तद्रव पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील खोर्शेद पावरी यांच्यासह भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी पुन्हा तपासले आणि १९८० मध्ये ती ए नव्हे, बी नव्हे, वेगळ्याच विषाणूची साथ होती असे दाखवून दिले. त्याच सुमारास मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीर खोऱ्यातील १९७८ च्या साथीवरून हाच निष्कर्ष काढला. १९८३ मध्ये मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, स्वतः आजारी पडून, स्वतःच्या विष्ठेत तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीच्या नळाचे पाणी आमच्या या बाटलीत भरले असते, तर ते बहुधा स्वच्छ पिवळट राहिले असते.

तळमजल्यावरील आजींच्या फिल्टरची बाटली हे त्याचे घरगुती उदाहरण. फिल्टरमध्ये पाणी त्याच टाकीचे, जिच्या पाण्याच्या बाटल्या काळ्या पडल्या. परंतु कँडलमधून गाळलेल्या पाण्याची बाटली दोन दिवस निर्मळ राहिली. आजींनी ती सगळ्यांना अभिमानाने दाखवली. मला मात्र तीच बाटली सर्वांत जास्त फसवी वाटली. जिवाणूची लांबी साधारण एक हजार नॅनोमीटर असते, हिपॅटायटिस-ई चा विषाणू २७ ते ३४ नॅनोमीटरचा. चांगल्या कँडलच्या छिद्रात जिवाणू अडकतात, विषाणू मात्र दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडून निघून जातो. म्हणजे साधी कँडल लावलेल्या घरात ही बाटली नेमकी तिथे गप्प बसते जिथे तिने बोलायला हवे. संचासोबतच्या माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नाही. माझी शिफारस अशी की पाणी नेहमी फिल्टरच्या आधीचे तपासावे, आणि पिण्यासाठी मात्र खळखळून उकळी येऊन एक मिनिट झालेले पाणी वापरावे. उकळण्यापुढे हा विषाणू टिकत नाही.

दुसरी आंधळी जागा काळाची आहे. या काविळीत विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. आमचे रुग्ण जूनच्या सुरुवातीस आजारी पडले, म्हणजे दोषी पाणी एप्रिलच्या अखेरचे, वॉचमनला आठवणाऱ्या त्या तुंबलेल्या चेंबरच्या दिवसांचे. ते पाणी केव्हाच वापरून संपले होते. आमचे नशीब असे की दोष दुरुस्त झालेला नव्हता आणि टाकीत घाण अजून झिरपत होती, म्हणून बाटली काळी पडली. एखाद्या ठिकाणी जलवाहिनी फुटून दोन दिवस सांडपाणी मिसळले, नंतर वाहिनी दुरुस्त झाली आणि दीड महिन्याने कावीळ उद्भवली, तर बाटली निर्मळ राहील आणि लोक पाण्याला निर्दोष ठरवून रस्त्यावरच्या पाणीपुरीवाल्याच्या मागे लागतील. म्हणून कावीळ दिसल्यावर ही बाटली विकत घेणे हे उशिराचे काम आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पुन्हा प्रत्येक टाकी-सफाईनंतर ती वापरावी, म्हणजे तिचे पैसे वसूल होतात.

आता कोणी विचारेल की एवढा आटापिटा कशासाठी, कावीळ कितीजणांना होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे दोन कोटी लोकांना हिपॅटायटिस-ई चा संसर्ग होतो. त्यांपैकी सुमारे ३३ लाखांनाच लक्षणे दिसतात, आणि २०१५ या एका वर्षात या आजाराने ४४,००० मृत्यू झाले असा तिचा हिशेब होता. याचा अर्थ आमच्या सी विंगमध्ये पिवळे डोळे तिघांचे दिसले तरी विषाणू पोटात गेलेली माणसे त्याहून पुष्कळ असणार. त्यांना दोन दिवस भूक मंदावली असेल किंवा तेही जाणवले नसेल. मोठ्या साथींचे आकडे तर डोळे विस्फारणारे आहेत: १९९१ मध्ये कानपूरमध्ये सुमारे ७९,००० रुग्ण, चीनच्या शिनच्यांग प्रांतात १९८६ ते १९८८ या काळात जवळजवळ १ लाख २० हजार. आपल्याकडे २०१२ च्या उन्हाळ्यात पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत आलेली साथ अनेकांना आठवत असेल. २०१५ च्या डिसेंबरात सिमल्यात मैलाशुद्धीकरण केंद्रातून नीट प्रक्रिया न झालेले पाणी ज्या ओढ्यात मिसळले त्याच ओढ्याचे पाणी शहराला जात होते आणि तिथेही हाच विषाणू निघाला. दिल्लीपासून सिमल्यापर्यंत साठ वर्षांत यंत्रे बदलली, पाण्याचा उलटा प्रवास तोच राहिला.

पुण्याचा एक जुना निष्कर्ष मला विशेष विचारात पाडून गेला. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या पुणेकरांचे रक्त तपासले तेव्हा असे दिसले की हिपॅटायटिस-ए ची प्रतिपिंडे बहुतेक मुलांमध्ये बालपणीच तयार झालेली असत, परंतु हिपॅटायटिस-ई ची प्रतिपिंडे मुलांमध्ये क्वचितच सापडत आणि तरुणांमध्ये ती ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचत. दोन्ही विषाणू त्याच पाण्यातून येतात, मग एक बालपणी गाठतो आणि दुसरा तारुण्यात, असे का व्हावे, हे कोडे मोठे मजेशीर आहे. एवढे मात्र खरे की आपल्या शहरात वीस-पंचविशीच्या पुढे गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे या विषाणूसमोर अगदी कोरी उभी असतात, आणि आमचे तिघे रुग्ण नेमके त्याच वयाचे होते. सोसायटीतील लहान मुलांच्या आयांनी मुलांची बाटली-बाटली तपासत बसण्यापेक्षा स्वतःकडे अधिक लक्ष दिले असते तर बरे झाले असते.

साथीच्या दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर जे चालले त्याबद्दल थोडे लिहितो, कारण बाटलीच्या वापराशी त्याचा संबंध आहे. रुग्णाच्या घरची मोलकरीण इतर घरांत येऊ द्यावी का, त्याचा टॉवेल लिफ्टमध्ये नेला तर काय, अशा चर्चा रंगल्या. वास्तविक हा विषाणू माणसाकडून माणसाकडे फारसा जात नाही. साथींमध्ये रुग्णाच्या घरातील इतरांना संसर्ग होण्याचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास आढळले आहे. आजारी माणसाच्या विष्ठेतून विषाणू लक्षणांच्या काही दिवस आधीपासून तीन-चार आठवडे बाहेर पडतो, म्हणून त्याच्या घरात शौचानंतर साबणाने हात धुणे आणि त्याने इतरांचा स्वयंपाक न करणे पुरेसे आहे. विंगमध्ये एकामागून एक घरे आजारी पडत असतील तर संशय शेजाऱ्यावर नव्हे, टाकीवर घ्यायचा असतो. गटावर हे सांगून कोणी ऐकले नाही. काळ्या बाटल्यांचा फोटो टाकल्यावर ऐकले. एकाने रुग्णाला ‘कावीळ उतरवून’ आणण्याचाही सल्ला दिला, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते तो प्रकार. चुन्याच्या पाण्याचा पिवळा रंग आणि आमच्या बाटलीचा काळा रंग यांतला फरक त्या गृहस्थांना समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली आणि ती वाया गेली.

जोशीकाकूंच्या सुनेची काळजी मात्र अनाठायी नव्हती. बहुतेकांना हा आजार चार-सहा आठवडे झोपवून सोडून देतो. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर यकृत अचानक निकामी होण्याचा धोका असतो आणि अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. सुनेची रक्ततपासणी ठीक आली आणि डोहाळजेवण झाल्यावर ती नाशिकला माहेरी गेली. परंतु संसर्ग कधी झाला असेल हे ठाऊक नसल्यामुळे आणि दहा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागत असल्यामुळे काकूंच्या घरचा जुलै कसा गेला असेल, ते मी जिन्यात भेटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर वाचत होतो. अशा वेळी खोक्यावरचे ‘कावीळ ओळखा’ हे शब्द जास्तच खुपतात.

संचातील किरकोळ दोष असे. दहापैकी एका बाटलीचे सील आधीच सैल होते. ती मी वापरली नाही, बदलूनही मिळाली नाही. माहितीपत्रक इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. बोअरवेलच्या पाण्याची बाटली चाळिसाव्या तासाला करडी झाली. ती काळी समजावी की नाही, याचा निर्णय पत्रकावरून होत नाही. भूगर्भातील पाण्यात मुळातच सल्फाइड असेल किंवा सल्फेटवर जगणारे निरुपद्रवी जिवाणू असतील तरी बाटली काळवंडू शकते, आणि पाणी भरताच लगेच काळे पडले तर तो बहुधा रासायनिक प्रकार असतो, हे तिथे लिहायला हवे होते. आम्ही बोअरचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तेव्हा तो ठीक निघाला. थंडीत पंचवीस अंशांखाली जिवाणू हळू वाढतात, तेव्हा बाटली कपड्यांत गुंडाळून ठेवावी लागेल; आमच्या जूनमध्ये ती अडचण आली नाही. आणि वापरून झालेली काळी बाटली ही स्वतःच जिवाणूंचे कोठार असते. ती तशीच ओल्या कचऱ्यात टाकू नये; झाकण उघडून त्यात ब्लीचिंग पावडरचे दाट पाणी ओतून काही तास ठेवावी आणि मग संडासात रिकामी करावी. झाकण उघडताना जो वास येतो तो आमच्या घरात दोन दिवस विसरला गेला नाही.

लंडनला असलेल्या भाच्याने हा सगळा प्रकार ऐकून अशा बाटल्या तिकडे पाठवाल का, असे विचारले. त्याला नको म्हणून सांगितले. तिकडचा हिपॅटायटिस-ई हा वेगळ्या जनुकीय प्रकाराचा आहे आणि तो नळाच्या पाण्यातून नव्हे, मुख्यतः नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातून पसरतो. इंग्लंडमध्ये २०१२-१३ च्या सुमारास सव्वादोन लाख रक्तदात्यांचे रक्त तपासले तेव्हा सुमारे दर २,८५० मागे एकाच्या रक्तात हा विषाणू होता, आणि पुढे तिथे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सुरू झाली. आपल्याकडच्या डुकरांतही हा विषाणू सापडतो, परंतु अरणकल्ले यांच्याच अभ्यासात डुकरांतला प्रकार चौथा आणि माणसांतला पहिला निघाला. म्हणजे आपला विषाणू माणसाच्या विष्ठेतून माणसाच्या पाण्यात, असाच फिरतो, आणि म्हणूनच मैला शोधणारी ही बाटली लंडनपेक्षा पुण्यात अधिक कामाची आहे.

या संचाला जोड म्हणून क्लोरीन तपासण्याचा छोटा संच घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून झाल्यावर उरलेला क्लोरीन पाहण्यासाठी ओटी टेस्ट करतात, ती बहुतेकांना माहीत असते. तिच्यातील ऑर्थोटोलिडिन आरोग्याला बाधक ठरू शकते, म्हणून घरासाठी गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी बरी. नळाला पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. विषाणूसाठी मात्र नुसता आकडा पुरत नाही. पाणी गढूळ नसावे आणि क्लोरीनला अर्धा तास तरी काम करू द्यावे, हा दिल्लीचाच धडा आहे. दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत आणखी एक पेच असतो: पाणी बंद असताना वाहिनी रिकामी राहते, चिरांमधून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि थेट नळाला मोटर लावणारे शेजारी ती ओढ वाढवतात. म्हणून सकाळी पाणी सुटताच पहिल्या दोन मिनिटांचे पाणी आम्ही आता झाडांना घालतो, आणि महिन्यातून एक बाटली मुद्दाम त्याच पहिल्या पाण्याची भरतो.

सी विंगची टाकी रिकामी करून, घासून, टीसीएलने धुऊन, ओव्हरफ्लोचा पाइप चेंबरपासून दूर आणि उंचावर काढल्यानंतर घेतलेल्या तीन बाटल्या अठ्ठेचाळीस तास निर्मळ राहिल्या. त्या निर्मळ राहिल्या म्हणून आम्ही उकळणे थांबवले नाही. शेवटच्या रुग्णाचे डोळे पिवळे झाल्यापासून दहा आठवडे उलटेपर्यंत ते चालू ठेवायचे, असे समितीत ठरले. दोन्ही खोक्यांचा मिळून खर्च एका रुग्णाच्या पहिल्या रक्ततपासण्यांच्या बिलापेक्षा कमी होता. मैला कुठून शिरतो ते शोधण्यासाठी या वस्तूला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, माहितीपत्रकासाठी दोन, आणि खोक्यावरच्या ‘कावीळ’ या शब्दासाठी शून्य. विकत घेताना मुदतीची तारीख पाहावी, सील दाबून पाहावे आणि एक-दोन नव्हे, सहा-आठ बाटल्या एकदम घ्याव्यात. आमच्याकडच्या दोन शिल्लक आहेत. त्यांतली एक गणपतीच्या आदल्या दिवशी सी विंगच्या टाकीसाठी राखून ठेवली आहे, कारण त्या पाच दिवसांत पाहुणे येतात आणि पन्हे नाही तरी कोकमाचे सरबत होतेच.